वेळ, ठिकाण, माणूस

कँटीनच्या वरच्या खोलीत, दर गुरुवारी दुपारी दोनला,
सकाळपाळी संपवून आम्ही अकराजणी
पायांतले बूट अर्धे काढून बसायचो.
हंचिनाळ सिस्टर धारवाडहून यायच्या,
फळ्यावर आधी कन्नडात लिहायच्या, मग मराठीत,
आणि दोन्हीकडे शुद्धलेखन चुकायचं.

'आपल्याकडं वात म्हणतात,' त्या म्हणाल्या,
'वात झालाय, बरळतोय, बांधून घाला.
आजपासून बांधायचं नाही.
घड्याळ दिसेल असं लावा. चष्मा द्या. कवळी द्या.
रात्री दिवा मंद करा, नाव घेऊन बोला.
आणि विचारा : वेळ, ठिकाण, माणूस.'

फिलोमिनानं हात वर केला.
'सिस्टर, बेड सातचे गुरुजी.
वार बरोबर, साल बरोबर, मुलीचं नाव बरोबर.
राज्य कोणतं विचारलं, तर म्हणाले, महाराष्ट्र.
आता भ्रम लिहू की काय लिहू?'
खोली हसली, खूप दिवसांनी.
हंचिनाळ सिस्टरही हसल्या, डोळे पुसून म्हणाल्या,
'तालुका विचारा की गं. तालुक्यावरनं भांडण नाही.'

मीही हसले, पण मला
गेल्या वर्षीचं एक मनगट आठवत होतं,
गॉजच्या पट्टीनं मीच बांधलेलं, दुहेरी गाठ,
सकाळी सोडताना खाली लाल वळ.
त्यांचा मुलगा जाताना आभार मानून गेला, पेढे देऊन.
ते पेढे मी खाल्ले.

बेड चार. आनसाबाई, निपाणी.
व्हेंटिलेटर निघून दुसरा दिवस.
रात्री तीनला बोटं सुरू झाली.
चादरीवर, हवेत, सलाईनच्या नळीवर,
काहीतरी पसरायचं, चिमटीनं भरायचं, गुंडाळायचं,
नखानं टोक दुमडायचं.
नळी ओढतील म्हणून वॉर्डबॉय पट्टी घेऊन आला.
'थांब,' मी म्हटलं.
माझ्या माहेरच्या गल्लीत, शाळेतून येताना,
उंबऱ्याउंबऱ्यावर ही बोटं मी पाहिली होती,
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा.
आजी विडी वळत होत्या.

यादीत लिहिलं होतं : वाद घालू नका,
होला हो करू नका, शांतपणे जागेवर आणा.
'आनसाबाई, हे बेळगाव. दवाखाना. आज बुधवार.'
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मुकादमाकडं पाहावं तसं.
'किती झाल्या?'
'रात्र झालीय, आजी.'
'किती झाल्या गं? छाटात काढतील की.'

वॉर्डबॉयच्या हातातली पट्टी घेऊन
मी तिचा एक धागा ओढून काढला, त्यांच्या बोटांत दिला.
तीच पट्टी. तेच गॉज.
आणि यादी सोडून म्हटलं,
'हजार भरल्या. तपासून झालं. एक पण छाट नाही.'
'एक पण?'
'एक पण नाही.'
त्या झोपल्या, धागा मुठीत.
नोंदवहीत मी लिहिलं, हात बांधले नाहीत.
हजाराचं लिहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी कागद वाटले, आमच्यासाठी.
झोप लागते का. भूक लागते का.
घरी गेल्यावर मशीनचा आवाज ऐकू येतो का.
नाव घालायचं नव्हतं, तरी अक्षर ओळखतील म्हणून
फिलोमिनानं डाव्या हातानं लिहिलं.
मी कुकरच्या शिट्टीचं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
'चार मोजत श्वास घ्या,' सिस्टर म्हणाल्या, 'सहा मोजत सोडा.'
घेतला. खालून मिरचीभज्यांचा वास आला.
पाचवर कुणाचा तरी फोन वाजला, आयसीयूतून.

रात्रपाळीनंतर वडगावची बस.
मांडीवर माझी बोटं कशाची तरी घडी घालत होती.
तिकीट शून्याचं, तरी त्याला विचारावंच लागतं.
कंडक्टर समोर उभा राहिला. 'यल्लिगे?'
कुठं.
मी त्याच्याकडं पाहिलं.
उत्तर यायला वेळ लागला,
आणि तो, का कोण जाणे, थांबला.